पांढरीपांडे दांपत्य क्रूझला निघाले

जबलपूरच्या गढा भागातल्या आपल्या घरात पद्मजा पांढरीपांडे यांना काही शोधावं लागत नसे. चहाच्या डब्याकडे हात आपोआप जाई, देवघराच्या उंबऱ्याशी पाय आपोआप उचलला जाई. काल कोण येऊन गेलं हे त्यांना सांगता येत नव्हतं. नातवाच्या नावाच्या जागी कधी कधी भावाचं नाव येई. पण गॅस त्या आठवणीने बंद करत, दाराला कडी लावत आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करत. दोन वर्षांपूर्वी जबलपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या पतीला, मुरलीधर यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘गोळियाँ तो चलती रहेंगी. बस, जगह मत बदलिए, पांढरीपांडेजी. इस घर में जितना निभ रहा है, उतना कहीं और नहीं निभेगा.’’

मुरलीधर शहरातल्या एका संरक्षण कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि चार्जमन, म्हणजे पर्यवेक्षक, होऊन निवृत्त झाले. एकुलती मुलगी संपदा नागपूरला बँकेत आहे. आईच्या आजाराचं त्यांनी तिला काहीच कळू दिलं नव्हतं. कळलं की ती आईला नागपूरला नेणार, याची त्यांना खात्री होती. नागपूर म्हणजे नवी जागा. म्हणून मुलीचा फोन आला की ते स्पीकर लावून बायकोच्या शेजारी बसत आणि ती अडखळली की हळूच शब्द पुरवत. संपदा सणावारी दोन-तीन दिवसांसाठी येई. तेवढं निभून जाई.

मग लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आला आणि संपदाने आईवडिलांचं क्रूझचं बुकिंग परस्पर करून टाकलं. मुंबईहून कोची, तिथून लक्षद्वीप, परत मुंबई. शहरातल्या मराठी मंडळाचे दहा-बारा ज्येष्ठ जाणारच होते, त्यांच्यात या दोघांची भर पडली.

नाही म्हणायचं तर कारण द्यायला हवं होतं. मुरलीधरांनी गुडघ्यांचं कारण काढलं. संपदा म्हणाली, ‘‘बाबा, जहाजात लिफ्ट असते.’’ त्यांनी जेवणाचं काढलं. तिने शाकाहारी जेवणाचे फोटो पाठवले. तोवर पद्मजाबाईंनी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, काही जणांना दोनदा.

वयस्कर माणसांना क्रूझबद्दल जे सांगितलं जातं ते खोटं नसतं. सामान एकदाच उघडायचं, खोली आपल्याबरोबर फिरते, जेवण तयार असतं, डॉक्टर जहाजावरच असतो. मुरलीधरांनी यातली खोलीची गोष्ट तेवढी धरून ठेवली. एकच खोली म्हणजे ती नजरेआड होणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. जहाजाचे बोळ लांबच लांब असतात, दोन्हीकडची दारं सारखी असतात आणि वरच्या मजल्यावरचा बोळ खालच्यासारखाच दिसतो, हे माहितीपत्रकाच्या चित्रांत कुठे दिसत नाही.

मंडळींचे म्होरके होते चंद्रशेखर मोघे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. तयारीची बैठक त्यांच्या घरी झाली.

‘‘घाबरून काहून राहिले मुरलीभाऊ?’’ मोघे म्हणाले. ‘‘जहाज म्हणजे पाण्यावरची राजधानी. चलो, एवढं समजून घ्या. अन् वहिनी, भाऊंवर नजर ठेवा बरं का. तिथं रोज नाचगाणं असते.’’

‘‘हे कुठं जातात!’’ पद्मजाबाई म्हणाल्या. ‘‘सुटी झाली की सरळ घर. मित्राकडे चहासुद्धा नाही प्यायला कधी या माणसानं.’’

सगळे हसले. मुरलीधरही हसले. त्या दिवशी त्या अगदी छान बोलत होत्या.

सामान सगळ्यांनी मोघ्यांच्या पद्धतीने भरलं, म्हणजे रेल्वेच्या. महत्त्वाचं ते मोठ्या बॅगेत, बॅगेला साखळी, साखळी बर्थखाली. हातातल्या पिशवीत पुऱ्या आणि लोणचं. मुरलीधरांनी बायकोच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवली. आणखी एक कारण होतं. हातातल्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट निघालं असतं तर कोणीतरी त्या कशाच्या म्हणून विचारलं असतं.

जहाजाच्या प्रवासाला आदल्या दिवशीच पोचावं आणि बंदराच्या गावात रात्र काढून ताजंतवानं होऊन निघावं, असं जाणकार सांगतात. मोघ्यांच्या मते हा हॉटेलवाल्यांनी उठवलेला बाजार होता. गाडी मनमाडच्या पुढे रखडली आणि सगळे स्टेशनवरून थेट बंदरावर गेले, न झोपलेले, न आंघोळ केलेले. गाडीत पद्मजाबाई सारख्या उठून विचारत होत्या, ‘‘अहो, पाटणचं लग्न ना? मग इतका वेळ काहून लागून राहिला?’’ पाटण जबलपूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

बंदरावर माणसांनी बॅगांना चिठ्ठ्या अडकवल्या आणि त्या सरकत्या पट्ट्यावर टाकल्या.

‘‘ये कहाँ ले जा रहे हैं, भैया?’’ मुरलीधरांनी विचारलं.

‘‘केबिन में पहुँच जाएगा, अंकल. शाम तक.’’

पुढच्या टेबलावर एका मुलीने प्रकृतीबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘‘बीपी. दोनों को.’’ तिने विचारलं, और कुछ? ते नाही म्हणाले. रांग मोठी होती, तिने पुढच्याला बोलावलं.

केबिन आतल्या बाजूची होती. पद्मजाबाई पलंगावर बसून खिडकी शोधत राहिल्या. थोड्याच वेळात संकटकाळाचा सराव होईल, भोंगा वाजला की सर्वांनी नेमून दिलेल्या जागी जमावं, अशी घोषणा झाली. मुरलीधर बाथरूममध्ये गेले. सकाळपासून रांगांमध्ये उभं राहिल्यावर त्या वयाच्या माणसाला ते टाळता येत नाही. केबिनचं दार आतून कोणालाही उघडतं.

मग भोंगा वाजला. लागोपाठ सात लहान आणि एक लांब.

हा आवाज पद्मजाबाईंनी कसा ऐकला असेल, हे समजायला त्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमधल्या दिवसांकडे जावं लागतं. कारखान्याचा भोंगा ठरल्या वेळी वाजला की पाळी सुटली असा अर्थ. बायका चहाचं आधण ठेवत. भलत्या वेळी वाजला तर अर्थ वेगळा. आत दारूगोळ्याचं काम चाले आणि मुरलीधर तो भरण्याच्या, फिलिंग सेक्शनमध्ये होते. तेव्हा सगळ्या ओळीतल्या बायका चूल, पोरं, जे असेल ते सोडून कारखान्याच्या फाटकाशी जात आणि आपला माणूस बाहेर येताना दिसेपर्यंत तिथेच उभ्या राहत. बहुतेक वेळा नुसता सराव निघायचा. तरी प्रत्येक वेळी जायचं, हा रिवाज होता. पद्मजाबाई तीस वर्षं गेल्या.

जहाजावरचा भोंगा भलत्या वेळी वाजला आणि नवरा समोर नव्हता.

मुरलीधर बाहेर आले तेव्हा केबिन रिकामी होती. बोळातून माणसांचा लोंढा एका दिशेने चालला होता. त्यात तीही गेली असेल असं समजून ते त्याच दिशेने गेले. जमायच्या जागी कर्मचारी एकेकाची नोंद घेत होते. सगळ्या जहाजात एक बाई कमी पडली. ध्वनिक्षेपकावरून पद्मजाबाईंचं नाव पुकारलं गेलं, आडनाव दर वेळी निराळं. मुरलीधर शोधायला निघाले तर त्यांना अडवलं. सराव संपेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही, असा नियम होता.

‘‘मेरी मिसेस है,’’ ते म्हणाले.

‘‘सर, हमारे लोग ढूँढ रहे हैं. आप यहीं रुकिए.’’

जहाज सुटायची वेळ टळली. गुडघेदुखीची माणसं जमिनीवर बसली. मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, ‘‘ऐसे लोगों को लाते ही क्यों हैं?’’ मुरलीधरांनी मागे वळून पाहिलं नाही. मोघे त्यांच्याजवळ येऊन म्हणाले, ‘‘वहिनी वरच्या मजल्यावर समुद्र पाहत असतील, येतील,’’ आणि पुन्हा आपल्या रांगेत गेले.

पद्मजाबाई सापडल्या त्या खाली, जिथून प्रवासी जहाजात चढतात त्या दारापाशी. जहाजाला तेवढंच एक फाटक होतं. पहाऱ्यावरच्या माणसाचा दंड धरून त्या विचारत होत्या, ‘‘भैया, फिलिंग सेक्शन के लोग निकले क्या? पांढरीपांडे निकले क्या?’’ मुरलीधरांना आणलं तेव्हा त्यांनी नवऱ्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. ‘‘आलात? लागलं तर नाही ना कुठं?’’

जहाजाच्या दवाखान्यात डॉक्टर मराठीच निघाली, तरुण, अवंतिका नावाची. तिने पद्मजाबाईंना गाव विचारलं. त्या म्हणाल्या, जबलपूर. आत्ता आपण कुठे आहोत? जबलपूर.

‘‘हे कधीपासून आहे, काका?’’

‘‘दोन वर्षं.’’

‘‘खाली विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत.’’

‘‘सांगितलं असतं तर?’’

‘‘बुकिंगच्या वेळीच सांगितलं असतंत तर सोबत आणखी एक माणूस आणा म्हटलं असतं. आज सांगितलं असतंत तर नाहीच म्हटलं असतं.’’ तिचा आवाज चढला नव्हता. ‘‘माझ्याकडे मोजक्या खाटा आहेत. प्रथमोपचारापुढचं काही लागलं तर किनारा येईपर्यंत थांबावं लागतं. आणि प्रत्येक मजल्यावर कठडे आहेत.’’

‘‘मी हात सोडणार नाही तिचा.’’

‘‘आत्ता सुटला होता ना, काका.’’

मोघे मध्ये पडले. ‘‘मॅडम, आम्ही इतके जण आहोत. पाळीपाळीनं बसू वहिनींजवळ.’’

‘‘तुम्हाला यांच्या आजाराचं माहीत होतं?’’

मोघ्यांनी मुरलीधरांकडे पाहिलं. ‘‘नाही,’’ ते म्हणाले. आणि मग, ‘‘काहून नाही सांगितलं, भाऊ? आम्ही काय परके होतो?’’

निर्णय कप्तानाने दिला. तो तसा आधीच झालेला होता. दोघांना खाली उतरवण्यात आलं. छोटी बॅग सापडली, मोठी सापडली नाही; शेकडो बॅगा तेव्हा मजल्यामजल्यांवर वाटल्या जात होत्या. कोचीहून परत पाठवू, असं त्यांना सांगण्यात आलं. गोळ्या, चिठ्ठी आणि चार्जर त्या बॅगेत होते.

जहाज धक्क्यापासून हळूहळू सुटलं. बंदरावरच्या खुर्चीत बसून पद्मजाबाई मान वर करून पाहत होत्या.

‘‘केवढं मोठं आहे हो! आपल्याला यातूनच जायचं ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग चला की. ते तर निघून राहिलं.’’

त्या उठून पाण्याच्या दिशेने चालू लागल्या. मुरलीधरांनी त्यांना परत आणून खुर्चीत बसवलं. असं पुन्हा पुन्हा झालं. जवळच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळाल्या नाहीत. जबलपूरच्या डॉक्टरांचा फोन लागेना. संध्याकाळच्या गोळीची वेळ गेली, पद्मजाबाईंची चुळबुळ वाढली आणि त्या येणाऱ्याजाणाऱ्याला, पाळी सुटली का, म्हणून विचारू लागल्या. मुरलीधरांच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती. उरलेल्या बॅटरीवर त्यांनी संपदाला फोन केला.

ती दुसऱ्या दिवशी पहिल्या विमानाने आली. रागावली नाही. आईला जवळ घेऊन बसली आणि वडिलांना म्हणाली, ‘‘कधीपासून?’’

त्यांनी सांगितलं.

‘‘म्हणजे दोन वर्षं मी फोनवर कोणाशी बोलत होते, बाबा?’’

नागपूरच्या वाटेवर मुरलीधरांनी डॉक्टरांचं म्हणणं सांगून पाहिलं. जागा बदलायची नाही, गढ्याच्या घरात तिचं चालतं. संपदाने सगळं ऐकून घेतलं. ‘‘आणि तिथे तुम्हालाच काही झालं तर? आई कोणाला बोलावेल? काय सांगून बोलावेल?’’ याचा विचार मुरलीधरांनी पूर्वी केला नव्हता असं नाही.

मोघे आणि मंडळी ठरल्याप्रमाणे फिरून आली. मोघे आता मंडळात क्रूझला निघालेल्या ज्येष्ठांना स्वतः बसवून सांगतात: गोळ्या आणि चिठ्ठी अंगावरच्या पिशवीत ठेवा, चार दिवसांच्या जास्तीच्या घ्या, आदल्या दिवशी पोचा, खोली लिफ्टजवळची मागा, सराव होईपर्यंत एकमेकांना सोडू नका, बाथरूमसुद्धा आधी उरकून घ्या. आजार असेल तो बुकिंग करतानाच सांगा, हेही सांगतात. एकदा एका बाईंनी विचारलं, ‘‘मिस्टरांचं पण तसंच सुरू झालंय थोडं. सांगितलं तर नेतील का आम्हाला?’’ मोघे म्हणाले, ‘‘सांगता येत नाही. बहुतेक नाही नेणार.’’

गढ्याच्या घराला कुलूप आहे. किल्ली शेजाऱ्यांकडे असते. ते आठवड्यातून एकदा उघडून झाडझूड करतात.

संपदाचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे, मोठा, हवेशीर. तिने एका तज्ज्ञाला विचारून प्रत्येक दारावर ठळक अक्षरांत पाट्या लावल्या आहेत. दिवसभरासाठी एक बाई ठेवली आहे. पद्मजाबाईंना गॅसजवळ जाऊ देत नाहीत, कारण इथल्या गॅसची बटणं त्यांना वळवता येत नाहीत. भाजी फोनवरून येते. पहिल्या महिन्यात त्या डबे उघडून पाहत, मग तेही थांबलं. मुरलीधर दिवसभर त्यांच्या मागे मागे असतात. त्या काही करतच नसल्याने त्यांना सांगण्यासारखं, दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही.

वाचन मात्र अजून स्वच्छ आहे. परवा सकाळी पद्मजाबाई बोळातल्या एका दारापुढे थांबल्या आणि वरची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली.

‘‘स्वयंपाकघर.’’ मग नवऱ्याकडे वळून विचारलं, ‘‘कोणाचं हो?’’

‘‘आपलंच.’’

‘‘काहीतरीच. आपलं तर गढ्याला आहे,’’ त्या म्हणाल्या, आणि परक्या घरात उभं राहावं तशा पदर नीट करून दाराबाहेरच उभ्या राहिल्या.