काउंटरवरचे पाच मासे

मासे पाळणं अगदी सोपं असतं. हे वाक्य मी स्वतः, शुद्धीत असताना, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसमोर, चिऊसमोर, बोललो होतो.

वडनेरला हायवेला लागून माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत आणि औषधं. (आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात.) बीटी कापूस आला तेव्हा आता फवारणी संपली, असं जो तो सांगत होता. बोंडअळी दमली खरी, पण मावा आला, तुडतुडे आले आणि माझ्या दुकानातल्या बाटल्या छताला टेकल्या. मासे घ्यायचे ठरले त्या वर्षी पावसाने दगा दिल्यामुळे दुबार पेरणी झालेली. माणसं सकाळीच येऊन बाकावर बसायची आणि तोंड पाडून विचारायची, "कोणतं मारू?" मी सांगायचो. चार गावांना सल्ला देणाऱ्या माणसाला पाच मासे काय जड आहेत?

अडचण होती ती आईची. आई माळकरी.

"घरात मासोळी? अवो बाप्पा! मंग मी जेवू कुठं?"

"आजी, खायाची नाही वं, पाहाची हाय!" चिऊ रडकुंडीला आली.

शेवटी तह झाला. टाकी दुकानात, काउंटरवर राहील. पण आईने अट घातली, "पहिला जीव मेला, का त्याच दिवशी टाकी माघारी. पाप मले नको."

"नाही मरत आजी. पप्पाले सगळं समजते," चिऊ म्हणाली. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं!

मलकापूरला सलीमभाईंचं माशांचं दुकान होतं. तिथे मी माझ्या पद्धतीने चौकशी केली. रोगाला कोणती जात कमी बळी पडते? पाणी कमी-जास्त झालं तर टिकते का? रंग पक्का आहे का?

"भाऊ, मासे घेऊन राह्यले का बियाणं?" सलीमभाई हसले. "पहिलीच टाकी हाय नं? मंग गप्पी घ्या, प्लॅटी घ्या, मोली घ्या. रंग भी हाय, दम भी हाय. ते लंबे पंखवाले नाजूक असतात, त्याहिच्या नादी लागू नका. टाकी आठ दिवस नुसती चालू ठेवा, मंग मासे सोडा. दाणा चिमूटभर."

मी सगळं अक्षरशः पाळलं. आठ दिवस नुसतं पाणी खेळवलं. मग दोन गप्पी, दोन नारिंगी प्लॅटी आणि एक काळी मोली अशी मंडळी सोडली. बुडबुडे काढणारी हवेची मोटर काउंटरखाली बाटल्यांच्या खोक्यांमध्ये नीट बसवली. चिऊने सगळ्यांच्या शेपट्यांचे रंग पाठ केले. (पाढे नव्हते पाठ.)

मंगळवारी पिवळ्या शेपटीचा गप्पी उलटा झाला.

चिऊ शाळेत होती. आई रोज पाचला देवळातून परतताना दुकानात डोकावायची आणि मासे मोजायची. घड्याळात बारा वाजले होते, माझेही. साक्षीदार एकच, बाकावर बसलेले आमचे जुने गिऱ्हाईक शालिग्रामभाऊ.

"गेला नं?"

"झोपला."

"पाठीवर?"

मी गप्पीला बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात टाकलं, दुकान शालिग्रामभाऊंवर सोपवलं आणि धावत एसटी पकडली. सलीमभाई म्हणाले, "हवा कम पडली असन. मोटर फुल करा." पावणेपाचला नवा गप्पी टाकीत होता, मोटर फुल होती आणि माझा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

आईचे पाच भरले. पण चिऊने काचेला नाक लावलं.

"पप्पा, याची शेपटी काल पिवळी होती. आज लाल कशी?"

"दाण्यानं रंग चढला."

"एका दिवसात?"

शालिग्रामभाऊ गंभीरपणे म्हणाले, "तो दाणा माह्या कपाशीच्या पऱ्हाटीलेही द्या थोडासा!"

गुरुवारी दोन्ही प्लॅटी गेल्या. पुन्हा एसटी! "एक मोटर कम पडते तुमाले," सलीमभाई म्हणाले. मी दोन नव्या प्लॅटी आणि दुसरी मोटर आणली आणि ती पहिलीच्या शेजारी, त्याच खोक्यांमध्ये बसवली. आता टाकीत भात शिजावा तसे बुडबुडे येत होते. गिऱ्हाइकं सल्ला मला विचारत, पण डोळे टाकीवर ठेवत. एकजण तर मी सुचवलेली बाटली हातात घेऊन, माशांकडे बघून, हळूच परत ठेवून गेला.

शुक्रवारी चिऊ म्हणाली, "पप्पा, लोडशेडिंग झालं का मासे खेळतात. लाइट आली का तिरपे होतात."

"अंधारात घाबरून पळतात ते," मी अनुभवी माणसाच्या आवाजात सांगितलं.

शनिवारी सकाळी चिऊ शाळेत गेली आणि मी शटर उघडलं. चार मासे उलटे होते. उरलेली मोली एका कुशीवर कशीबशी तरंगत होती. मी तिसऱ्यांदा मलकापूर गाठलं. या वेळी सलीमभाईंनी जाळी खाली ठेवली आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"भाऊ, टाकी दुकानात हाय म्हणता. दुकान कायचं हाय तुमचं?"

मी सांगितलं. सलीमभाईंनी कपाळावर हात मारला.

"अरे मेरे भाई! मोटर दुकानातली हवा वढून पाण्यात सोडते. चार दिवसांपासून तुमी मास्यांवर फवारणी करून राह्यले. तेबी दोन मोटर लावून!"

परतीच्या एसटीत मी कोणाकडेही पाहिलं नाही. हातात पिशवी नव्हती. शनिवारची शाळा लवकर सुटते, हे मी विसरलो होतो. चिऊने आजीला बोलावून आणलं होतं; दोघी काउंटरपाशी उभ्या होत्या.

मी सगळं सांगून टाकलं. पाकीट, एसटी, शेपट्या, मोटरी, सगळं. चिऊ रडली नाही, टाकीत उलटे झालेले मासे एकेक करून मोजू लागली. ती रडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उचल टाकी," आई म्हणाली.

"माघारी नेऊन देतो आई."

"माघारी काऊन? घरी ने! इथं ठेवून तिलेही मारतं का?"

"घरात? मासोळी?"

"जीव हाय तो," आई म्हणाली आणि स्वतःच मोटरींच्या वायरी उपटल्या.

टाकीचं दुसरं टोक शालिग्रामभाऊंनी धरलं. चिऊ स्वच्छ पाण्याच्या बादलीत मोली घेऊन पुढे चालली. अख्ख्या रस्त्यावर शालिग्रामभाऊ जो भेटेल त्याला सांगत होते, "आमाले म्हणतात, फवारताना तोंडाले फडकं बांधा. मास्याले कुठं बांधावं म्हणा!"

दिवेलागणीला मोली सरळ झाली. आईने चिमूटभर दाणा टाकला आणि मगच स्वतः जेवायला बसली, टाकीकडे तोंड करून.

आता आमच्या घरात अकरा मासे आहेत. दुकानातून आलो की अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय मला त्या खोलीत प्रवेश नाही. माझ्या प्रत्येक बाटलीवर सूचना छापलेली असते, 'लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.' ती आजवर एकाही गिऱ्हाइकाने वाचलेली नाही. चिऊने मात्र वाचली, एक दुरुस्ती केली आणि टाकीवर चिकटवली. घरात ती कसोशीने पाळतात.

'पप्पांच्या हाती लागू देऊ नये.'