कागदातल्या सहा सायकली

खाडीकाठच्या कोपरी गावात विठ्ठलशेठच्या दुकानात नामा कोळी नव्या सायकली जोडायचा. त्र्याण्णव सालची गोष्ट. सायकली यायच्या त्या नखशिखांत प्लास्टिकच्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या. दांड्यावरची पट्टी ठेवायची, गिऱ्हाइकाला ती लागते. बाकीच्या सोडायच्या, मुटका करून गाठ मारायची आणि मागच्या दारातून नाल्यात भिरकावायच्या. नऊ वर्षं हेच. नाला खाडीला मिळतो हे काय कोळ्याच्या पोराला सांगायला हवं? पण पोटापुढे अक्कल गप्प बसते.

एका सकाळी त्याची आई भागीरथी खाडीवरून थेट दुकानात आली. जाळ्यात कोलंबीच्या जागी आलेले मुटके तिने काउंटरवर ओतले.

"ही गाठ कुणाची रे?"

जाळं विणायची गाठ होती ती, तिनेच शिकवलेली. नामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून त्याने शेठच्या नाकी नऊ आणले. एजंटला सांगा, माल कागदात गुंडाळून पाठवा. शेवटी शेठ वैतागले. "सहा मागवतो. दसऱ्याला सगळ्या खपल्या तर पुढचा माल कागदातच. एक जरी राहिली, तर तू तुझा रस्ता धर."

दसरा उजाडला. गिऱ्हाईक यायचं, दांडा चाचपायचं आणि विचारायचं, "प्लास्टिक कुठाय? वापरलेली आहे काय?" समोरच्या दुकानातून पट्टीवाल्या सायकली भराभर जात होत्या. दुपार टळली तरी सहाच्या सहा उभ्या. नामा त्याच सायकली पुन्हा पुसत राहिला. घरी दोन पोरी, दुसरं काम येत नाही.

चारच्या सुमारास भागीरथी आली. एक मास्तर सायकल बघून परत निघाले होते. तिने कनवटीची पुडी सोडली, हँडलला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली.

"मास्तर, नवी होडी आम्ही काय पिशवीत घालून पाण्यात सोडतो? हळद-कुंकू लागलं की नवी."

मास्तर थबकले, हसले आणि सायकल घेऊन गेले. मग शेठनेच हळदीची मोठी पुडी मागवली. दिवे लागेपर्यंत पाच खपल्या.

सहावी मात्र तशीच राहिली. रस्ता रिकामा झाला. नामाने पान्हे पुसून पेटीत ठेवले, चप्पल घातली.

शेठ उठले. सहावीला त्यांनी स्वतः कुंकू लावलं. "ही माझी," म्हणाले आणि मागच्या, नाल्याकडच्या दाराला कायमचं लावायला कुलूप नामाच्या हातात ठेवलं.