अण्णांनी निवडलेलं ॲल्युमिनियम

भूपालअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेळगावात, अनगोळच्या माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये होतो. वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी मनात आलं, बरं झालं, गेल्या महिन्यात जाऊन बोलून आलो...

अण्णा निपाणीजवळचे, वेदगंगेच्या काठावर ऊस-तंबाखू करणारे. पुरात गावाला वेढा पडायचा, म्हणून गावानं एक बोट घेतली आणि अण्णांच्या स्वाधीन केली. बोटीच्या मागं मोटार टांगायला ब्रॅकेट हवं होतं. निपाणीतला एक कारागीर फायबरचं देतो म्हणाला, मी ॲल्युमिनियमचं. फायबर मोटारीची थरथर पचवतं, असं त्याचं म्हणणं. ॲल्युमिनियम मोडलं तरी पुन्हा जोडता येतं, असं माझं. अण्णांच्या अंगणातच आमची जुंपली. अण्णांनी दोन्ही नमुने हातात घेऊन पाहिले नि म्हणाले, "फायबर आतनं फुटलं तर वरनं कळत न्हाय. हे मोडायच्या आदी चिरतंय, डोळ्याला दिसतंय. मला दिसणारं पायजे."

मी जिंकलो. पण पावसाळा तोंडावर होता. घाईत आतल्या कोपऱ्यातला एक जोड मी धातू नीट न घासताच मारला; असा जोड कच्चा राहतो. ब्रॅकेट बसवून परतताना बेळगावच्या अलीकडं काकतीजवळ ते लक्षात आलं. तिथूनच मागं फिरायला हवं होतं. पण एवढं भांडून जिंकल्यावर 'माझं चुकलं' म्हणायला जीभ उचलेना.

त्याच वर्षी पूर आला. अण्णांनी बोटीच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. एका फेरीत त्यांची सून सुनंदा आठ दिवसांचं बाळ घेऊन बसली होती. मी इकडं बेळगावात फोनकडं बघत बसलो होतो. ब्रॅकेट टिकलं. गावानं नारळ-टॉवेल देऊन माझा सत्कार केला, तेव्हा मला मान वर करवेना.

पुढं कित्येक वर्षं ते तसंच पोटात राहिलं. अण्णांनी अंथरूण धरलं तेव्हा मात्र गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते ऐकून चक्क हसले.

"मला तवाच दिसलंतं रं. केसाएवढी चीर. पाणी चढायच्या आदी दोन्ही अंगानं पट्टी घालून बोल्ट आवळलं मी."

"मग मला बोलला न्हाईसा?"

"तू सांगशील म्हणून वाट बघितली. लई उशीर केलास."

"आणि तो सत्कार?"

"टॉवेल चांगला हुता की!" मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. "साकु आता." पुरे म्हणायचं झालं की अण्णांच्या तोंडी कन्नडच यायचं.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी गाडीवर गुणगुणत होतो.

अण्णा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी नवं ब्रॅकेट घेऊन त्यांच्या गावी गेलो. बोट आता सुनंदा चालवते. बसवून झाल्यावर मी खडूनं एका कोपऱ्याला गोल केला. "सगळा भार हितं येतोय. चिरलंच तर हितनं सुरू हुईल. बघत जा."

सुनंदानं वाकून त्या जागी अंगठ्याचं नख हळूच फिरवलं. बोट पाण्यात सोडण्याआधी अण्णा नेमकं असंच करायचे. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं बघून आलं होतं.

"आज काय न्हाय," ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी मिळून मोटार उचलली.