वायरवरचा पाय

भोंग्याच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. दिवसभर वायर शेतातून, नालीतून, लोकांच्या पायांखालून ओढायची. संध्याकाळी गुंडाळायला घेतली की हाताला काय काय लागतं. चिखल, काटे, एखाद्या चपलेचा अंगठा. किस्से तसेच लागतात. मी ते पुसत बसलो नाही, म्हणून राहिले.

जऊळक्यात माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. शिक्षण चौथी. पण लग्न असो, जयंती असो की सभा, आसपासच्या गावांत भोंगा म्हणजे नानाचा. दुकानाच्या पाटीवर मी रंगवून घेतलं होतं, 'खरखर नाही, शिट्टी नाही.' ते शब्द मी वीस वर्षं खरे ठेवले. दुसरी कमाई मी सांगत नाही.

सत्तर सालानंतर केव्हातरी स्टेशनावर तायडे बाबू आले. तिकिटाच्या खिडकीत बसायचे. आमच्याच समाजाचे, बी.ए. झालेले, अंगाने काडी. कॉलेजात त्यांची एका मुंबईच्या पोराशी दोस्ती झाली होती. त्या पोराचा काका जहाजावर. त्याने यांना तीन विलायती रेकॉर्डी दिल्या. रॉक म्हणतात त्या गाण्याला. त्यातही या साध्या रेकॉर्डी नव्हत्या. हजारो लोकांसमोर भर कार्यक्रमात वाजवलेलं, जसंच्या तसं उतरवलेलं. बाबूंचा सगळा जीव त्या तीन तव्यांत.

रेकॉर्डी त्यांच्याकडे, मशीन माझ्याकडे. दर रविवारी चार वाजता ते रेकॉर्डी छातीशी धरून दुकानात हजर. नाही म्हणायचं मी पहिल्याच दिवशी विसरलो. ती चूक माझी.

*

पहिल्या रविवारी रेकॉर्ड लावली, तर नुसती खरखर. जशी तव्यावर पाण्याची धार पडावी. मी मशीन बंद केली. पिन बदलली. पुन्हा लावली. पुन्हा तेच. झाकण उघडलं, एकेक जोड हलवून पाहिला, बॅटरीच्या पट्ट्या घासल्या. घाम फुटला. पाटीवरचे शब्द डोळ्यांपुढे.

तायडे बाबू बाकावर शांत बसलेले. शेवटी म्हणाले, "नाना, मशीन चांगली आहे. गाणंच सुरू नाही झालं अजून. लोक जमून राह्यले."

*

त्यांचा हट्ट असा की हे गाणं डब्यातल्या लहान स्पीकरवर ऐकायचं नसतं. मैदानातलं आहे, मैदानात वाजलं पाहिजे. दोन महिने मी ऐकलं नाही. एका रविवारी कंटाळून दुकानावरचा भोंगा जोडून दिला.

त्या रेकॉर्डीत एक जागा अशी की बाकीचे सगळे वाजवायचे थांबतात आणि ढोलवाला एकटाच सुटतो. थांबतच नाही. आमच्या समोर सोनाजीची पिठाची गिरणी. त्याला वाटलं इंजिनाचा पट्टा तुटला आणि फटके मारतो आहे. त्याने धावत जाऊन इंजिन बंद केलं. दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बाया त्याच्यावर ओरडायला लागल्या. इंजिन बंद, तरी फटके चालूच. सोनाजी पिठाने पांढरा झालेला तसाच रस्ता ओलांडून आला.

"नाना, हे काय वाजून राह्यलं?"

मी बाबूंकडे बोट केलं. बाबू म्हणाले, "ढोलवाला आहे. बाकीचे चहा प्यायला गेले असतीन."

"मंग यालेही पाठवा ना लेकहो," सोनाजी म्हणाला. "यानं काय गुन्हा केला?"

*

मेडशीच्या लग्नात जे झालं त्याला मी जबाबदार. बाबूंची एक रेकॉर्ड दुकानात राहिली होती. चष्मा घरी विसरलो होतो. सनईची समजून तीच पेटीत टाकली.

तिथे आहेर वाचणं चालू होतं. माझ्याच माइकवर एक गुरुजी एकेक नाव घेत होते. "मामांकडून पितळी घागर." मी सनई म्हणून पिन टेकवली आणि मांडवावर हजारो माणसांच्या टाळ्या कोसळल्या. शिट्ट्याही. वऱ्हाड मागे वळून पाहू लागलं की एवढे लोक आले कुठून. मी झटकन पिन उचलली. आता वरबाप काय बोलतो म्हणून मान खाली घालून उभा राहिलो.

वरबाप जवळ आला. हळूच म्हणाला, "नाना, हे बेस केलं तुमी. पण आमच्या भाऊजींच्या कपाटाले याच्याहून जास्त वाजवजा. नाही तं ते रुसतीन."

वाजवाव्या लागल्या. कपाटाला, पलंगाला आणि एका भिंतीवरच्या घड्याळाला.

बाबूंना हे मी स्वतः सांगितलं. लपवणं माझ्या स्वभावात नाही. ते तसेच उठून गेले. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "नाना, त्या लोकाईनं त्या टाळ्या गाण्यासाठी वाजवल्या होत्या. घागरीसाठी नाही."

बोलणं बरोबर होतं. म्हणून जास्तच राग आला.

*

आता रेकॉर्डीतल्या मामांचं सांगतो.

दुसऱ्या रेकॉर्डीत दोन गाण्यांच्या मधे सगळं शांत होतं, आणि तेवढ्यात गर्दीतला एक माणूस काहीतरी ओरडतो. एकदाच. काय ओरडतो ते बी.ए. झालेल्या बाबूंनाही कळत नव्हतं. पण ती जागा आली की ते हात वर करायचे. "थांबा नाना. आता बोलते मामा." मामा ओरडले की डोळे मिटून हसायचे. गाणं राहिलं बाजूला.

मी एकदा विचारलं, "तो तुमचा कोण लागते?"

"कोणी नाही. म्हणून तं मामा म्हणतो."

"माझ्या कार्यक्रमात कोणी असा मधे ओरडला तर मी त्याले मांडवाच्या बाहेर काढतो."

"त्याले कोणी काढलं नाही, नाना. म्हणून तो जऊळक्यापर्यंत आला. त्याले माहीत तरी असन का?"

मी म्हटलं, "तुम्ही तिकिटं तरी नीट फाडता का?"

*

घरात वेगळाच ताप. दुकानाच्या मागेच आमचं घर. माझी बायको गिरजा पहिले म्हणायची, "हा गोंधळ कायले घरात आणता?" सहा महिन्यांनी ती बरोबर त्याच जागेला चहा घेऊन दारात उभी राहायला लागली. मामा ओरडले की चहा ठेवायची आणि आत जायची.

एकदा बॅटरी उतरली. रेकॉर्ड हळू फिरायला लागली. गाणं रडल्यासारखं झालं, आणि मामांची जागा आली तर आवाज जाड, घोगरा.

गिरजा दारातूनच म्हणाली, "मामाले सर्दी झाली वाटते आज."

बाबू खो खो हसले. घर माझं, मशीन माझी, बॅटरी माझी. मी एकटाच बाहेरचा.

*

मग त्या वर्षीची जयंती. आमच्या वस्तीचा कार्यक्रम. भोंगा माझा, आणि तो मी दरवर्षी फुकट लावत आलो. अकोल्याकडची गायन पार्टी आली होती. ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. मेडशीपासून माणूस आलेला, मैदानात बसायला जागा नाही. बाबूंनी कुठून तरी नवा टेपरेकॉर्डर मिळवला होता. भावाचा, असं म्हणाले. तो स्टेजजवळ मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "नाना, आज आपली लाईव्ह रेकॉर्डिंग."

गायक मोठा तयारीचा माणूस. शेवटच्या गाण्यात त्याने आईचं कडवं घेतलं. दुसऱ्याच्या घरी दळण दळून पोराला शाळेत घालणारी आई. आवाज उतरवत उतरवत पार कुजबुजीवर आणला. एवढं मैदान, पण लहान लेकरूही रडेना.

आणि भोंग्यात खरखर.

वीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाहिलं, तर स्टेजजवळ एक जण माइकच्या वायरवर पाय ठेवून उभा. डोळे पुसत होता. माझं डोकं फिरलं. सगळ्या शांततेत मी ओरडलो, "अय, वायरवरचा पाय काढ!"

गायक थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सगळं मैदान हसलं. ज्यांच्या डोळ्यांत पाणी होतं तेही हसले. गायकाने हसू ओसरू दिलं आणि तेच कडवं पुन्हा उचललं, या वेळी वरच्या पट्टीत. लोक म्हणतात असं गाणं पुन्हा झालं नाही. मी ते ऐकलं नाही. मी वायर पाहत होतो.

*

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनावर गेलो. खिडकीपुढे उभा राहिलो.

"बाबू, माझा आवाज टेपात आला काय?"

"साफ आला, नाना. गायकापेक्षा साफ."

"तो पुसा."

"पुसला तं कडव्याचं तोंड जाते."

"जाऊ द्या."

"नाही जाऊ देत. तुमी नसते ओरडले तं तो वर चढलाच नसता. तेवढीच जागा तं खरी आहे त्यात."

"वीस वर्षं खरखर नाही अन् आता जगभर माझी बोंब फिरवता काय?"

"जगभर नाही, नाना," ते म्हणाले. "रेल्वेत."

मी सांगून टाकलं. पुसत नाही तोवर मशीन बंद. मी बोललो की बोललो. पुढचे सहा रविवार दुकान चार वाजता शांत. गिरजा चहा आणायची, माझ्यापुढे ठेवायची आणि आत जायची. सोनाजीने गिरणीतून ओरडून विचारलं, "नाना, ढोलवाला मेला का?"

सातव्या रविवारी बाबू आले. बदलीचा कागद आला होता. हातात एकच रेकॉर्ड, मामांची. मी मशीन उघडली. मामांची जागा आली. बाबूंनी हात वर केला नाही. गिरजा दारात चहा घेऊन उभी. मामा ओरडले.

रेकॉर्ड संपल्यावर मी विचारलं, "पुसलं का?"

"नाही," बाबू म्हणाले.

मी म्हटलं, "चहा घ्या."

*

तीन-चार वर्षं गेली. बाबूंचं पोस्टकार्ड यायचं, दरवेळी नव्या स्टेशनावरून. टेपाचं ते लिहीत नसत आणि मी विचारत नसे.

नवा अॅम्प्लिफायर पाहायला मी हिंगोलीला गेलो होतो. पसंत पडला नाही. परतीच्या तिकिटासाठी रांगेत उभा राहिलो. खिडकीत एक अनोळखी, चष्म्याचा बाबू. माझ्या खांद्यावर वायरचं भेंडोळं, त्याचं टोक खाली लोंबत होतं. मागचा माणूस त्याच्यावरच उभा राहिला. सवयीने बोललो.

"अय, वायरवरचा पाय काढ."

खिडकीतल्या बाबूचा हात थांबला. त्याने चष्मा वर केला आणि जाळीला नाक लावून माझ्याकडे पाहिलं. मग आत वळून हाक मारली, "अरे, या रे सगळे. टेपातला आवाज आला. लवकर या."

आतून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. दोन, मग तीन. जाळीमागे तोंडं गोळा झाली. त्यातल्या एका म्हाताऱ्या पोर्टरने हात वर केला आणि बाकीच्यांना गप्प केलं.

मी म्हटलं, "जऊळका. एक."