बिल्ला कुणाच्या नावचा

लग्न होऊन मी कळसहून इंदापूरला निघाले, तेव्हा माहेरचं तांबडं कुत्रं बैलगाडीमागं चालत आलं. गाडीवानानं ढेकळं मारून पाहिली, पण ते हटेना. सासरच्या दारात ते माझ्या आधी जाऊन बसलं होतं.

कळसला कुत्र्याला मालक नसतो. चार चुली त्याला भाकरी घालतात आणि ते कुणाला चावलं की चारी घरं म्हणतात, आमचं न्हाय. इंदापुरात म्युनिसिपालटीनं दवंडी पिटली होती. कुत्रं पाळायचं तर आपल्या नावचा बिल्ला काढून त्याच्या गळ्यात बांधावा, बिनबिल्ल्याची कुत्री धरून मारली जातील. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बिल्ला आणून सुतळीनं बांधला. गळ्यात काही बांधलं की जीव कुणाचा तरी होतो, हे मला काही केल्या उमगेना. पण नुकतंच माझ्याही गळ्यात पडलं होतं, म्हणून गप्प बसले.

पुढं बाजाराच्या दिवशी, गल्ली सगळी बाजाराला गेली होती आणि हे कचेरीच्या कामाला बारामतीला, तेव्हा म्युनिसिपालटीचा शिपाई कुत्र्यांची गाडी घेऊन आला. आमच्या कुत्र्यानं सुतळी कधी कुरतडली देव जाणे. गळा मोकळा होता. शिपायानं त्याला फासात धरून पिंजऱ्यात टाकलं.

मी धावत बाहेर आले. "त्याचा बिल्ला काढलेला हाय. पडलाय कुठंतरी."

"मग कुणाच्या नावचा हाय त्ये सांगा. सोडतो."

नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्या नवऱ्याला आजोबांचं नाव ठेवलेलं, म्हणजे सासूबाईंच्या सासऱ्याचं. पोटच्या पोराला त्या जन्मभर दादा म्हणत आल्या होत्या.

शिपाई एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. "मावशी, घरात कुणालाच धन्याचं नाव ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय की," सासूबाई म्हणाल्या. "घेता येत न्हाय."

"मग उखाण्यात घ्या."

"उखाणा सणासुदीला घेत्यात. कुत्र्यापायी न्हाय."

पिंजऱ्यात ते माझ्याकडं बघून शेपूट हलवत होतं. त्याला वाटलं असेल, पुन्हा गाडी कुठंतरी निघाली. शिपायानं बैलांचे कासरे उचलले. डोक्यात कायदा, रीत, सासूबाईंचा धाक, सगळ्याचा काला झाला आणि तोंडातून एकदम निघालं, "कुत्रं माझं हाय."

"तुमचं नाव?"

मी सांगून टाकलं. शाळेत हजेरीला सांगायचे तसं, आधी माझं, मग वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. शिपायानं कुत्रं सोडलं आणि सांजच्याला नवा बिल्ला घेऊन जायला बजावलं. तो वळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही कोण गं?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लग्नात यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं होतं. तेव्हापासून सगळे त्याच नावानं हाक मारत होते, आणि मी मात्र जुनंच सांगून बसले होते.

संध्याकाळी गल्लीतल्या पोरानं वाटेतच नव्या बिल्ल्याचा निरोप दिला, तसे हे परस्पर म्युनिसिपालटीतून तो घेऊन आले. चेहरा गोंधळलेला. "नवा बिल्ला दिलाय, पण भलत्याच बाईच्या नावावर. कोण ही?"

"मी," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि का येतंय ते कळत नव्हतं.

यांनी बिल्ला हातात फिरवला. मग म्हणाले, "बघायला आलो तेव्हा विचारलं होतं की नाव. मी विसरूनच गेलो."

बदलून आणतो म्हणाले, पण आणला नाही. मीही आठवण केली नाही. कुत्रं म्हातारं होऊन गेलं, तोवर तोच बिल्ला त्याच्या गळ्यात होता. इंदापुरात त्या नावच्या मुलीला ओळखणारं ते एकटंच होतं.