वर्षाला एक बोट

"पहिली फेरी डोळ्यांची, साहेब. हात मागे बांधा." असं म्हणून तो स्वतःचे हात पाठीमागे गुंफायचा आणि अल क्वोजच्या आठवडी बाजारात शिरायचा.

आखातातल्या आमच्या बांधकामाच्या साइटवर तो परांची बांधायचा. मूळचा राजापूरकडचा. मी ऑफिसातला, राहायला अल बर्शात, खरेदी मॉलमध्ये. मजुरांच्या वस्तीमागे मोकळ्या वाळूत दर रविवारी बाजार भरतो हे त्याच्याकडूनच कळलं, आणि मी हौसेने त्याच्या मागे लागलो. चादरींवर मांडलेले चार्जर, बॅगा, लुंग्या, खजूर. बाजारात आपला हात आधी पुढे जातो, तुम्हीही पाहिलं असेल. याचा जात नसे. "हात लावला की विकणाऱ्याला कळतं. मग खलास!"

एका रविवारी मात्र दुसऱ्या फेरीत तो चपलावाल्यासमोर उकिडवा बसला. खिशातून सुतळीचा तुकडा काढला. दोन वर्षांपूर्वी घरून निघताना लेकीच्या पावलाचं घेतलेलं माप. त्यापुढे त्याने दोन बोटं धरली.

"वर्षाला एक बोट."

"अहो, फोन करून विचारा की!"

"बापाने पोरीचं माप विचारायचं?" त्याला ते पटेना. "तुमच्या मुलाचं किती?"

मुलगा माझ्याच घरात राहतो. मी गुपचूप त्याला मेसेज केला. "व्हाय, डॅड?" एवढंच उत्तर आलं. मला लाज वाटली.

त्याने बऱ्याच चपला मापून लाल पट्ट्यांच्या घेतल्या. "बसणारच," असं वाटेत तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा आवाज जरा खाली आला होता. पुढच्या आठवड्यात तो सुट्टीवर गेला.

महिन्याभराने मी एकटाच बाजारात होतो, तेव्हा त्याचा व्हॉइस मेसेज आला.

"साहेब, एक बोट कमी पडलं. टाच बाहेर राहते. तरी घालून हिंडते, बाबांनी आणल्या म्हणून. मी काही आता परत येत नाही. ऑफिसात सांगा."

मला बरं वाटलं, आणि त्याची फार आठवण आली. हात मागे बांधून मी पहिली फेरी पुरी केली. दुसऱ्या फेरीत चपलावाल्यासमोर बसलो आणि खिशातली सुतळी काढली. आदल्याच दिवशी मुलाचं पाऊल मापलं होतं. "डॅड, धिस इज सो वीअर्ड," म्हणत तो हसत होता. मी सुतळी चपलेवर सरळ केली. पुढे एकही बोट धरावं लागलं नाही.