घोडीचा उजवा डोळा

आमच्या शेजारच्या टांगेवाल्याला गल्लीत सगळे 'तुसड्या' म्हणतात. नाव मी ठेवलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. त्याचं माझ्याशी वाकडं, माझं त्याच्याशी त्याहून वाकडं. तो गोड बोलतो ते फक्त घोडीशी. त्याच्या बायकोला हे सांगू नका; तिला माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात ही घोडी संध्याकाळी परतताना माझ्या कुंपणापाशी बुजायला लागली. एकदा तर तिनं टांगा खांबावर घातला. टांग्यात त्याच्या मेव्हण्याचा अर्धा वाटा. तो म्हणाला, "दाजी, घोडी डोक्यानं गेलीय. रविवारी मी स्वतः बसतो. बुजली तर विकायची आणि रिक्षा घ्यायची."

तुसड्या थेट माझ्या दारात. "ती पिवळी चादर काढ कुंपणावरची. मुद्दाम संध्याकाळी टाकतोस."

"सकाळपासून वाळतेय ती."

"सकाळी घोडी तिच्या शेजारून मुकाट गेली."

"मग डाव्या डोळ्यानं उजव्याला सांगितलं नसेल. तुमच्या घरात कोण कुणाला काय सांगतं?"

मी आपला टोमणा मारला. तो मात्र शिवी गिळून कुंपणाकडे बघत राहिला. जाताना चादर डावीकडे, येताना उजवीकडे. झापडं लावली की घोडी मान आपटायची, म्हणून तो लावत नसे. तिला दोन्ही बाजूंचं दिसायचं. पण एका बाजूनं पाहिलेली चादर दुसऱ्या बाजूनं आली की तिच्या लेखी ते नवंच जनावर.

दुसऱ्या दिवसापासून तो तिला लगाम धरून उलट्या बाजूनं, चादर उजव्या डोळ्यासमोर येईल अशी, आणायला लागला. आधी कान ताठ, फुरफुर. मग चादर हुंगणं. मग कान सैल. माझी चादर लाळेनं बरबटली, तरी मी धुतली नाही. वास बदलला असता. त्याच्यासाठी नव्हे हो, रिक्षाचा धूर माझ्याच खिडकीत आला असता.

रविवारी सकाळी मेव्हणा टांग्यात बसून गेला. घोडी गाईसारखी गरीब. दुपारी तुसड्याची बायको आली आणि चादर ओढायला लागली.

"वहिनी, राहू द्या. घोडीला तिची सवय झालीय."

"तुम्ही आणि आमचं भलं बघणार? हिलाच तर बुजते ती."

मी ओढली, तिनं जास्त जोरात ओढली.

संध्याकाळी टांगा आला. घोडीनं उजवीकडे पाहिलं. रोजची चादर गायब, नुसतं उघडं कुंपण. कान ताठ झाले, पाय रोवले, आणि ती मागे सरकली ती चाक गटारात घालूनच थांबली.

मेव्हणा उतरला, पँट झटकली. "दाजी, आता तर तिथं काहीच नव्हतं."

"तेच तर," तुसड्या म्हणाला. मग त्याला दारात उभी बायको दिसली, चादर छातीशी धरलेली. तो वळून चाकाला खांदा द्यायला लागला.

घोडी त्याच आठवड्यात विकली गेली. चादर धुऊन परत आली, म्हणजे माझ्या उंबऱ्यावर आपटली. मी ती रोज त्याच जागी वाळत घालतो. तुसड्या रिक्षा घेऊन परतताना तिथं वेग कमी करतो, उजवीकडे बघतो आणि थुंकतो.